कार्डिफ आर्म्स पार्क : एका जुन्या रग्बी क्रीडांगणाची जडणघडण

प्रस्तावना

क्रीडांगणांचा इतिहास आपल्याकडे आणि इतरत्रही बहुधा सामन्यांचा, विक्रमांचा आणि नामवंत खेळाडूंचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ज्या जमिनीवर हे सारे घडते ती कोणाची, ती खेळासाठी मोकळी कशी राहिली आणि तिच्या वापराबाबत कोणी कोणाशी काय ठरवले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. वेल्सची राजधानी कार्डिफ येथील आर्म्स पार्क हे क्रीडांगण या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. युरोपातील बहुतेक मोठी क्रीडांगणे शहराच्या कडेला सरकली असताना हे क्रीडांगण मध्यवर्ती रेल्वे स्थानक, बाजारपेठ आणि किल्ला यांच्या अगदी निकट टिकून राहिले. त्याचे हे टिकणे आणि त्याला आज लाभलेला काहीसा विचित्र आकार या दोहोंची कारणे खेळात कमी आणि जमिनीच्या व्यवहारांत अधिक आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सदर लेखात त्या व्यवहारांच्या अनुषंगाने या क्रीडांगणाच्या सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

प्रथम नावाविषयी. 'आर्म्स' या शब्दाचा येथे बाहूंशी वा शस्त्रांशी संबंध नाही. ब्रिटनमधील जुन्या खाणावळी व पथिकाश्रम यांना एखाद्या घराण्याच्या किंवा नगराच्या कुलचिन्हावरून नाव देण्याचा प्रघात होता. 'कार्डिफ आर्म्स' हे अशाच एका हॉटेलचे नाव. त्याच्या मागे टॅफ नदीच्या काठाने पसरलेल्या दलदलीच्या मोकळ्या जागेस 'ग्रेट पार्क' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉटेल पाडले गेले. नाव मात्र मागच्या मैदानाला चिकटून राहिले.

नदीचे पात्र आणि रेल्वेचा रूळ

१८०१ साली कार्डिफची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत होती. १९०१ मध्ये ती सुमारे एक लाख चौसष्ट हजारांवर गेली. या वाढीमागे दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतील कोळसा होता. ब्यूटच्या दुसऱ्या मार्क्विसने १८३९ मध्ये कार्डिफ येथे स्वखर्चाने गोदी बांधली, १८४०-४१ मध्ये टॅफ व्हेल रेल्वेने खोऱ्यांतील खाणी बंदराशी जोडल्या आणि पुढील सात दशकांत कार्डिफ जगातील अग्रगण्य कोळसा-बंदरांत गणले जाऊ लागले. कार्डिफचा किल्ला, गोदी, शहरातील व भोवतालची विस्तीर्ण जमीन हे सर्व ब्यूट घराण्याच्या मालकीचे होते. आर्म्स पार्कची जागाही त्यांचीच.

त्या काळी टॅफ नदी आजच्यापेक्षा पूर्वेकडून, म्हणजे जुन्या नगराला जवळजवळ खेटून वाहत असे. लहान नौका नगराच्या धक्क्यापर्यंत येत. आज क्रीडांगणासमोर येऊन मिळणाऱ्या एका अरुंद रस्त्याचे नाव 'क्वे स्ट्रीट', म्हणजे धक्का-गल्ली, असे आहे. नदी तेथे नाही, नाव उरले आहे. साउथ वेल्स रेल्वेचे अभियंता इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल यांना कार्डिफच्या स्थानकासाठी पुराच्या भयापासून मुक्त अशी सलग जागा हवी होती. त्यांनी नदीच पश्चिमेकडे वळवली. १८४९ ते १८५३ या काळात हे काम झाले. स्थानक १८५० मध्ये सुरू झाले. नदीने सोडलेल्या पात्रामुळे आणि निचरा झालेल्या दलदलीमुळे किल्ला व स्थानक यांच्या मध्ये सपाट, रिकामी जमीन निर्माण झाली. क्रीडांगणाचा पाया हा असा घातला गेला आणि तो घालणाऱ्यांच्या मनात खेळाचा विचारही नव्हता.

कार्डिफ क्रिकेट क्लब १८४८ पासून या परिसरात खेळत होता. त्यानंतर १८७६ मध्ये कार्डिफ रग्बी क्लबची स्थापना झाली. तिसऱ्या मार्क्विसने दोन्ही क्लबांना जागा वापरू दिली, ती एका अटीवर : या जमिनीचा उपयोग खेळ व करमणूक यांखेरीज अन्य कारणासाठी होऊ नये. ही अट घालण्यामागे निव्वळ लोककल्याणाची भावना होती असे समजण्याचे कारण नाही. किल्ल्याच्या तटासमोर कारखाने व चाळी उभ्या राहू नयेत ही जमीनदाराची स्वाभाविक इच्छा त्यात असणारच. परंतु अटीचा परिणाम हेतूपेक्षा फार दूरवर पोहोचला. मध्यवर्ती कार्डिफमधील जमिनीचे मोल वाढत गेले, आजूबाजूला बँका, दुकाने, कचेऱ्या झाल्या, आणि हा तुकडा मोकळा राहिला.

रग्बी आणि वेल्स

ज्या वाचकांना रग्बीचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे की, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावणे, प्रतिस्पर्ध्याला धरून पाडणे आणि चेंडू त्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणे हे या खेळाचे सार आहे. चेंडू असा टेकवण्याला 'ट्राय' म्हणतात. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. चेंडू पुढे फेकता येत नाही. तो मागे अथवा आडवाच द्यावा लागतो.

हा खेळ इंग्लंडमधील खासगी शाळांतून निघाला. वेल्समध्ये तो आणण्याचे श्रेय सामान्यतः लँपिटर येथील सेंट डेव्हिड्स कॉलेजचे उपप्राचार्य रोलंड विल्यम्स यांना दिले जाते. ते १८५० मध्ये केंब्रिजहून तेथे आले होते. एका महाविद्यालयीन अध्यापकाने रुजवलेला हा खेळ तीस वर्षांत खाणकामगार, गोदी-कामगार आणि पोलाद कारखान्यांतील मजुरांचा झाला, ही बाब सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये कामगारांच्या बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून १८९५ मध्ये रग्बीत उभी फूट पडली. वेल्समध्ये तशी फूट पडली नाही. खाणमजूर आणि डॉक्टर एकाच संघातून खेळत राहिले.

वेल्सची रग्बी संघटना १८८१ मध्ये स्थापन झाली. त्याच सुमारास आर्म्स पार्कवर प्रेक्षकांसाठी पहिला छोटा स्टँड उभारण्यात आला. त्यात तीनशेच्या आसपास लोकांची सोय होती. १२ एप्रिल १८८४ रोजी येथे पहिला आंतरराष्ट्रीय सामना वेल्स व आयर्लंड यांच्यात झाला, त्यास सुमारे पाच हजार प्रेक्षक होते. १९१२ मध्ये नवा दक्षिण स्टँड झाला तेव्हा क्षमता ४३ हजारांच्या घरात गेली होती. या वाढीला रेल्वे कारणीभूत होती. खोऱ्यांतील गावांहून शनिवारी दुपारी निघालेला माणूस स्थानकावर उतरून काही मिनिटांत मैदानात पोहोचत असे आणि रात्री घरी परतत असे. ब्रुनेल यांनी स्थानकासाठी मोकळी केलेली जमीन आणि स्थानकाने आणलेली गर्दी, दोन्ही एका ठिकाणी आली.

१६ डिसेंबर १९०५ या दिवसाचा उल्लेख टाळता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्डिफला 'शहर' हा अधिकृत दर्जा मिळाला होता. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड यांना नमवून अपराजित राहिलेला न्यूझीलंडचा संघ आर्म्स पार्कवर उतरला. सामन्यापूर्वी न्यूझीलंडच्या खेळाडूंनी माओरी परंपरेतील 'हाका' हे वीरनृत्य केले. त्याला उत्तर म्हणून वेल्सचा खेळाडू टेडी मॉर्गन याने 'हेन व्लाद वी न्हदाय' हे वेल्श गीत सुरू केले आणि सुमारे ४७ हजार लोकांनी ते उचलून धरले. सामन्यापूर्वी राष्ट्रगीत म्हणण्याच्या जगभरातील प्रथेचा आरंभ अनेक अभ्यासक या प्रसंगात पाहतात. हे गीत १८५६ मध्ये पाँटिप्रिद येथील इव्हान व जेम्स जेम्स या पितापुत्रांनी रचले होते. त्यास कोणत्याही शासनाची मान्यता नव्हती. किंबहुना वेल्सला स्वतःचे शासनच नव्हते. १९०१ च्या जनगणनेनुसार वेल्समधील जवळजवळ निम्मी प्रजा वेल्श बोलू शकत होती, आणि कार्डिफ तर इंग्रजीकडे झुकलेले बंदर. अशा शहरात हजारो कंठांतून मातृभाषेतील गीत उमटणे ही गोष्ट त्या दिवसाच्या गुणफलकाहून कमी महत्त्वाची नाही. वेल्सने तो सामना मॉर्गनच्याच एका 'ट्राय'च्या बळावर ३-० असा जिंकला. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सने चेंडू रेषेपलीकडे टेकवला होता की नव्हता, हा वाद त्यानंतर शंभर वर्षे चालला.

विक्री, आणि एका जागेवरील अनेक भाडेकरू

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील अनेक जमीनदार घराण्यांप्रमाणे ब्यूट घराण्यानेही मालमत्ता विकण्यास सुरुवात केली. १९२२ मध्ये आर्म्स पार्कची जमीन क्रिकेट व रग्बी क्लबांनी मिळून स्थापलेल्या कार्डिफ अॅथलेटिक क्लबने ३० हजार पौंडांस घेतली. करमणुकीखेरीज अन्य वापर नको ही अट विक्रीतही कायम राहिली. ही या इतिहासातील निर्णायक घटना होय. मैदान उमरावाकडून नगरपालिकेकडे गेले नाही, राष्ट्रीय रग्बी संघटनेकडेही गेले नाही. ते स्थानिक सभासदांच्या एका क्लबकडे गेले. वेल्सचा संघ येथे पाहुणा म्हणून खेळत राहिला आणि यजमान क्लब आपल्या अटींवर त्याला खेळू देत राहिला.

क्लबला पैसा हवा होता. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून मैदानाभोवती ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू झाल्या आणि त्या १९७७ पर्यंत चालल्या. शर्यतींवर पैसे लावणे करमणुकीत बसते, हे कबूल करावेच लागेल. १९३४ मध्ये नवा उत्तर स्टँड पूर्ण झाला. जानेवारी १९४१ मधील जर्मन बाँबहल्ल्यात त्याची हानी झाली.

उत्तरेकडच्या अर्ध्या भागात क्रिकेट होते. ग्लॅमॉर्गन संघाने १९२१ मध्ये आपला पहिला काउंटी अजिंक्यपद सामना येथेच ससेक्सविरुद्ध खेळून जिंकला. मराठी वाचकाला या मैदानाशी जोडणारा एक धागा याच भागात सापडतो. १९४६ च्या दौऱ्यात भारतीय संघ येथे ग्लॅमॉर्गनविरुद्ध खेळला. होळकर संघाचे चंदू सरवटे, ज्यांनी त्याच दौऱ्यात ओव्हलवर शूट बॅनर्जी यांच्यासह अखेरच्या जोडीसाठी २४९ धावांची भागी केली होती, त्यांनी ग्लॅमॉर्गनचा शेवटचा फलंदाज पीटर जज याचा त्रिफळा उडवून डाव संपवला. फॉलोऑन मिळाल्यावर ग्लॅमॉर्गनचे कर्णधार जॉनी क्ले यांनी प्रेक्षकांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून मधली विश्रांती न घेता, मैदानात असलेल्या दोघांनीच पुन्हा सलामी करावी असे ठरवले. सरवटे यांच्या पहिल्याच चेंडूवर जज पुन्हा त्रिफळाचीत झाला. लागोपाठच्या दोन चेंडूंवर, दोन वेगवेगळ्या डावांत, एकच फलंदाज एकाच गोलंदाजाकडून शून्यावर बाद होण्याचे उदाहरण दुर्मिळच.

त्यानंतर १९५८ च्या जुलैमध्ये ब्रिटिश एम्पायर व राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा कार्डिफमध्ये भरल्या. आर्म्स पार्कवर धावपट्टी अंथरण्यात आली आणि तीवर मिल्खासिंग यांनी ४४० यार्डांची शर्यत जिंकून स्वतंत्र भारताला या स्पर्धांतील अॅथलेटिक्सचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. दक्षिण आफ्रिकेच्या माल्कम स्पेन्सला त्यांनी मागे टाकले. भारतीय क्रीडा-इतिहासात 'कार्डिफ' हे नाव त्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. ते मैदान मुळात रग्बीचे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

चिखल, पूर आणि विभागणी

१९५३ मध्ये राष्ट्रीय संघटनेने मोठे सामने स्वान्सी व कार्डिफ यांत वाटण्याऐवजी कार्डिफलाच घेण्याचे ठरवले. त्याच वर्षी वेल्सने येथे न्यूझीलंडचा १३-८ असा पराभव केला. २०२५ अखेरपर्यंत वेल्सला ती करामत पुन्हा साधलेली नव्हती. परंतु एकाच मैदानावर क्लबचे सर्व सामने, राष्ट्रीय सामने आणि वर कुत्र्यांच्या शर्यती यांमुळे हिवाळ्यात त्याचा चिखल होई. ३ डिसेंबर १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना अशाच चिखलात झाला. पाऊस थांबला नाही. टॅफ नदीने काठ ओलांडले आणि दुसऱ्या दिवशी मैदान पाण्याखाली होते. शंभर वर्षांपूर्वी हटवलेली नदी आपली जागा विसरलेली नव्हती.

संघटनेने स्वतःचे क्रीडांगण अन्यत्र, ब्रिजेंडजवळ, उभारण्याचा विचार केला. तो सिद्धीस गेला नाही. अखेर जो तोडगा निघाला तो मोठा व्यवहारी होता. क्रिकेटने जागा सोडली. ग्लॅमॉर्गनचा येथील शेवटचा सामना १९६६ मध्ये झाला आणि संघ पुढील वर्षी नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या सोफिया गार्डन्समध्ये गेला. तेथे कार्डिफ रग्बी क्लबसाठी नवे मैदान १९६९ मध्ये तयार झाले. दक्षिणेकडील जुन्या मैदानाची मालकी १९६८ च्या करारान्वये राष्ट्रीय संघटनेकडे आली. क्लबचा दक्षिण स्टँड आणि राष्ट्रीय क्रीडांगणाचा उत्तर स्टँड पाठीला पाठ लावून उभे राहिले. यजमान आणि पाहुणा यांची वेगळी घरे झाली, भिंत मात्र सामाईक.

नव्या 'नॅशनल स्टेडियम'चा पहिला टप्पा १९७० मध्ये खुला झाला आणि पैशाच्या सोयीनुसार टप्प्याटप्प्याने काम होत १९८४ मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. वेल्श रग्बीचे सुवर्णयुग या अर्धवट बांधकामाच्या साक्षीनेच घडले. २७ जानेवारी १९७३ रोजी बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या संघाकडून खेळताना फिल बेनेटने स्वतःच्या रेषेजवळून सुरू केलेली आणि गॅरेथ एडवर्ड्सने न्यूझीलंडच्या रेषेपलीकडे संपवलेली धाव आजही या खेळातील सर्वोत्तम 'ट्राय' म्हणून दाखवली जाते.

उत्तरेकडची फट

हे क्रीडांगण पूर्ण झाल्यावर अवघ्या दहा वर्षांत अपुरे ठरले. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर आलेल्या टेलर अहवालामुळे उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्या हटवून सर्वांना आसने देणे भाग होऊ लागले, आणि तसे करता क्षमता आणखी घटणार होती. तोवर लंडनचे ट्विकनॅम व एडिंबराचे मरेफील्ड यांची पुनर्रचना होऊन ती बरीच मोठी झाली होती. १९९९ ची विश्वचषक स्पर्धा वेल्सला मिळाली तेव्हा निर्णय टाळणे अशक्य झाले. वाहनतळाची मुबलक सोय असलेल्या शहराबाहेरच्या जागेचा पर्याय पुढे आला होता. तो नाकारला गेला, कारण तेथे रेल्वे नव्हती आणि सामन्यानंतर लोकांनी जायचे कोठे याला उत्तर नव्हते. नगररचनेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता असे म्हणावे लागेल.

तथापि जुन्या जागेत मोठे क्रीडांगण बसवणे सोपे नव्हते. मैदान पूर्व-पश्चिम होते. ते नव्वद अंशांनी फिरवून दक्षिणोत्तर करण्यात आले. १९५८ च्या स्पर्धांसाठी बांधलेला एम्पायर पूल हा जलतरण तलाव पाडावा लागला. पश्चिमेस नदी, पूर्वेस रस्ता. उत्तरेकडे सरकायचे तर कार्डिफ क्लबची जमीन हवी होती. संघटना व क्लब यांचे संबंध त्या काळात चांगले नव्हते. १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाल्यावर पैसा व अधिकार कोणाचे यावरून मोठ्या क्लबांचा संघटनेशी झगडा सुरू होता. क्लबने जमीन दिली नाही. परिणामी जुन्या उत्तर स्टँडचा काही भाग तसाच ठेवून नवे बांधकाम त्याला जोडावे लागले. मैदान फिरवल्यामुळे एकेकाळी लांब बाजूला असलेला हा स्टँड आता गोलखांबांच्या मागे आला, आणि उत्तर टोकाचा वरचा मजला इतर तीन बाजूंसारखा पूर्ण होऊ शकला नाही. या खाचेला लोकांनी संघटनेचे तत्कालीन धुरीण ग्लॅनमॉर ग्रिफिथ्स यांच्या नावावरून 'ग्लॅनमॉरची फट' असे विनोदी नाव दिले.

नॅशनल स्टेडियमवरील शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना १५ मार्च १९९७ रोजी इंग्लंडविरुद्ध झाला. त्याच जागेवरील मिलेनियम स्टेडियममध्ये २६ जून १९९९ रोजी वेल्सने दक्षिण आफ्रिकेला २९-१९ असे हरवले. दक्षिण आफ्रिकेवरील तो वेल्सचा पहिलाच विजय. खर्च सुमारे १२ कोटी १० लाख पौंड आला. त्यापैकी ४ कोटी ६० लाख मिलेनियम आयोगाने राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून दिले. जवळपास ७४ हजार आसने आणि सुमारे वीस मिनिटांत मिटणारे सरकते छत ही त्याची वैशिष्ट्ये. लंडनचे वेंब्ली नव्याने बांधले जात असताना २००१ ते २००६ इंग्लंडच्या एफए चषक फुटबॉल स्पर्धेचे अंतिम सामने येथे झाले. प्रायोजकत्वामुळे २०१६ पासून त्याचे नाव प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम झाले. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडच्या साथीत त्याच मैदानावर दोन हजार खाटांची क्षमता असलेले तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. खेळासाठी राखलेल्या मोकळ्या जागेचा हाही एक उपयोग आहे आणि अशा जागा शहरात का हव्यात, याचा विचार करताना तो विसरू नये.

भिंतीच्या पलीकडे कार्डिफ क्लबचे मैदान अद्याप आहे आणि 'आर्म्स पार्क' हे नाव आता तेवढ्यालाच उरले आहे. त्याची क्षमता साडेबारा हजारांच्या आसपास. २००३ मध्ये व्यावसायिक संघाचे नाव 'कार्डिफ ब्लूज' झाले. २००९ मध्ये संघ अधिक सोयीच्या नव्या फुटबॉल स्टेडियममध्ये खेळायला गेला. तेथील रिकाम्या खुर्च्यांना कंटाळून २०१२ मध्ये परत आला. २०२१ मध्ये जुने नाव थोड्या फरकाने पुन्हा घेतले गेले. एप्रिल २०२५ मध्ये संघ चालवणारी कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या हाती गेली आणि राष्ट्रीय संघटनेने संघ आपल्या ताब्यात घेतला. १९९० च्या दशकात ज्या क्लबने संघटनेला जमीन नाकारली, त्याच नावाचा संघ असा संघटनेच्या पदरी आला. जमिनीची मालकी मात्र या उलथापालथीतही १९२२ साली ती विकत घेणाऱ्या अॅथलेटिक क्लबकडेच राहिली.